पाण्यापर्यंत न पोहोचलेले

(पडद्यावर: मिलान. मोठ्या कॅथेड्रलच्या तळाशी उघडे पडलेले उत्खनन, अष्टकोनी हौदाचे अवशेष.)

इसवी सन 392. पश्चिम रोमन साम्राज्याचा सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन गॉलमधल्या व्हिएन्न शहरात मृतावस्थेत सापडला. वय जेमतेम एकवीस. खून की आत्महत्या, यावर इतिहासकार अजूनही भांडतात. त्याच्या बहिणींच्या दुःखात मात्र आणखी एक बोच होती. भावाचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, राहून गेला होता. त्यासाठी त्याने मिलानचे बिशप अँब्रोज यांना बोलावणे धाडले होते. ते पोहोचण्याआधीच सारे आटोपले.

अंत्यविधीच्या प्रवचनात अँब्रोज म्हणाले, त्याने मागितले होते, म्हणून त्याला मिळाले. हुतात्म्यांना जर त्यांचे रक्त धुऊन काढते, तर याला याची भक्ती आणि याची इच्छा धुऊन काढील.

बाप्तिस्म्याच्या बाबतीत अँब्रोज काही सैल माणूस नव्हते. पुढे मोठा धर्मपंडित ठरलेल्या ऑगस्टीनला याच शहरात, 387 च्या ईस्टरला, पाण्यात उतरवणारे तेच. तरीही एक शवपेटी समोर आली आणि बाप्तिस्म्यावाचून तारण, म्हणजे पापातून सुटका, नाही या नियमाला त्यांना दार ठेवावे लागले.

(पडद्यावर: जुन्या हस्तलिखितांची पाने.)

बाप्तिस्म्यावाचून तारण आहे का? बायबलमधली शास्त्रवचने दोन्हीकडची निघतात. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेमाला सांगतो, पाण्यापासून आणि आत्म्यापासून जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर नोहाच्या जलप्रलयाचा दाखला देऊन सरळ म्हटले आहे की बाप्तिस्मा तुम्हांला तारतो. मार्कच्या शेवटच्या अध्यायातले वचन सगळ्यांना पाठ असते: जो विश्वास धरतो आणि बाप्तिस्मा घेतो, त्याचे तारण होईल. पण त्याच वचनाच्या उत्तरार्धात शिक्षा सांगितली आहे ती फक्त विश्वास न धरणाऱ्याला. शिवाय मार्कचा हा शेवट सर्वांत जुन्या दोन प्रमुख हस्तलिखितांत नाहीच.

आणि मग येशूच्या शेजारी वधस्तंभावर मरणारा तो गुन्हेगार. येशू त्याला म्हणतो, ‘तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील.’ त्याला कुठले पाणी मिळणार होते? यावर ठरलेले उत्तर येते, की बाप्तिस्म्याची आज्ञा पुनरुत्थानानंतरची, म्हणून हा माणूस त्या नियमात बसत नाही. युक्तिवाद कायदेशीर आहे. पण मरणाऱ्या माणसाच्या बाजूला बसून तो कुणी करील असे वाटत नाही.

खरी गंमत प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात आहे. रोमी शताधिपती कर्नेल्याच्या घरी येशूचा शिष्य पेत्र बोलतो आहे, आणि त्याचे बोलणे संपायच्या आतच ऐकणाऱ्यांवर पवित्र आत्मा उतरतो. पाणी अजून आलेलेसुद्धा नाही. म्हणजे बाप्तिस्म्याची गरज संपली? पेत्राचा निष्कर्ष नेमका उलटा: आता यांना पाण्यापासून कोण अडवणार? ‘आवश्यक नाही’ म्हणणारे ही कथा पहिल्या निम्म्यावर थांबवतात, ‘आवश्यक आहे’ म्हणणारे दुसऱ्या निम्म्यापासून सुरू करतात.

इच्छा होती, विश्वास होता, वेळ तेवढी मिळाली नाही, अशा माणसासाठी अँब्रोजचे दार पुरते. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने 1547 मध्ये बाप्तिस्मा ऐच्छिक मानणाऱ्याला बहिष्कृत ठरवले. पण त्याच वर्षी, आधीच्या एका आदेशात, ‘किंवा त्याची (बाप्तिस्म्याची) इच्छा’ हे शब्द ठेवूनच.

तान्हे मूल मात्र इच्छा धरू शकत नाही. सारा पेच इथे आहे.

ऑगस्टीन इथे मागे हटले नाहीत. मूळपाप, म्हणजे आदामापासून जन्मतःच आलेले पाप, सर्वांना, तर औषधही सर्वांना. बाप्तिस्म्याविना गेलेली बालके शिक्षेस पात्रच, फार तर ती शिक्षा सर्वांत सौम्य. मध्ययुगातल्या पंडितांना हे सोसवले नाही. त्यांनी लिंबोची कल्पना मांडली: तिथे यातना नाहीत, पण देवदर्शनही नाही. बाळंतपणात मूल दगावणार असे दिसले तर पाणी कसे घालायचे आणि कोणते शब्द उच्चारायचे, हे सुईणींना शिकवले जाई. कॅथलिक नियमानुसार आजही अशा वेळी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. देणाऱ्याचा स्वतःचा झालेला नसला तरी चालते. चर्चला जे अभिप्रेत आहे तेच करण्याचा हेतू हवा.

सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारणावाद्यांपैकी जॉन कॅल्विनला सुईणींचा हा बाप्तिस्मा अजिबात मान्य नव्हता. विश्वासणाऱ्यांची मुले जन्मतःच देवाच्या करारात असतात, मग ही घाई कशाला? लूथरपंथीयांनी 1530 च्या ऑग्सबर्ग विश्वासांगीकारात बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक असेच लिहिले. झुरिकमध्ये प्रौढांचाच बाप्तिस्मा खरा मानणाऱ्या फेलिक्स मान्झला 1527 मध्ये लिमाट नदीत बुडवून मारले गेले. शिक्षा देणारेही सुधारणावादीच होते. क्वेकर आणि साल्व्हेशन आर्मी हे पंथ पाण्याचा विधी करतच नाहीत, आणि त्यांना ख्रिस्ती न म्हणणे अवघड आहे.

(पडद्यावर: आयर्लंडचा पश्चिम किनारा. गवतात अर्धे बुडालेले, नावे नसलेले दगड.)

आयर्लंडमध्ये अशा जागांना ‘किलीन’ म्हणतात. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकांना पवित्र केलेल्या दफनभूमीत जागा नसे, म्हणून त्यांना इथे पुरत. 1917 च्या कॅथलिक चर्चसंहितेतही बाप्तिस्मा न झालेल्यांना चर्चच्या विधीने दफन नाकारलेले होते.

2007 मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने अशा बालकांविषयी निवेदन प्रसिद्ध केले. त्यांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणे आहेत, असे ते म्हणते. खात्री मात्र देत नाही. मला त्याहून बोलका वाटतो तो 1970 चा मिस्साग्रंथ, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या (मिस्सेच्या) प्रार्थनांचे पुस्तक. बाप्तिस्म्याआधी मरण पावलेल्या बालकाच्या अंत्यविधीची स्वतंत्र मिस्सा त्यात आली. धर्मपंडितांचे निवेदन येण्याआधीच, 37 वर्षे, धर्मगुरू या बालकांसाठी वेदीपाशी प्रार्थना करत होते.