चार वर्षांची मुलं, पंचवीस वर्षांचं कर्ज

मंडळी, यंदाच्या गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाचा द्रोण हातात घेऊन एक मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, आमच्या चॅप्टरला स्वतःचं घर घ्यायचंय. बँकेत कधी जाऊ?" मी म्हटलं, बँक सगळ्यात शेवटी. त्याला जे तिथे उभ्या उभ्या सांगता आलं नाही, ते सांगायला मंडळानं आज मला बोलावलं आहे. एका फ्रॅटर्निटी चॅप्टरच्या घराचा मी चौदा वर्षं खजिनदार आहे. हिशेबाची वही माझ्याकडे असते आणि तळघरातल्या बॉयलरच्या खोलीची किल्लीही.

इथे बसलेल्या आईवडिलांसाठी थोडं सांगतो. फ्रॅटर्निटी म्हणजे अमेरिकन कॉलेजातल्या मुलांची आजीव सभासदत्वाची संघटना. एका कॉलेजातली तिची शाखा म्हणजे चॅप्टर. आज ओळखीची असलेली पद्धत १८२५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात कापा अल्फा सोसायटीपासून सुरू झाली. घरं नंतर आली. १८४०च्या दशकात मिशिगन विद्यापीठातल्या काय साय या फ्रॅटर्निटीच्या मुलांनी अ‍ॅन आर्बरजवळच्या रानात लाकडी ओंडक्यांचं खोपटं उभारलं. ते राहायला नव्हतं, बैठकांपुरतं होतं. आपल्याकडच्या, म्हणजे दक्षिण आशियाई वंशाच्या मुलांच्या संघटना तर कालपरवाच्या आहेत. बिंगहॅम्टनची आयोटा नू डेल्टा १९९४ची, ऑस्टिनची डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ची, लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधली बीटा काय थीटा १९९९ची. जुन्या संघटनांच्या मागे शंभर वर्षांचे माजी सभासद आहेत. नव्यांचे पहिले सभासद आत्ता कुठे पन्नाशीला पोचताहेत.

आता मुद्द्याचं. घर चॅप्टरच्या नावावर घ्यायचं नाही. चॅप्टरचा अध्यक्ष वीस वर्षांचा असतो आणि दरवर्षी बदलतो. खजिनदाराची सेमिस्टर परीक्षा असते. चार वर्षांनी तो सिअ‍ॅटलला नोकरीला जातो आणि घराचं कर्ज पुढे पंचवीस वर्षं चालू राहतं. म्हणून माजी सभासदांनी एक वेगळी ना-नफा कंपनी राज्यात नोंदवायची. तिला हाउस कॉर्पोरेशन म्हणतात. घराची मालक ती, कर्जदार ती, विमा तिच्या नावावर. मुलं तिची भाडेकरू. आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची इमारत विश्वस्तांच्या नावावर असते आणि वाचक येतात-जातात, तसंच हे.

कॉर्पोरेशनच्या संचालक मंडळावर पाच-सात माणसं पुरतात, पण ती निवडून घ्या. एक वकील, एक हिशेब कळणारा, एक बांधकामातला आणि निदान एकजण घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहणारा. हा शेवटचा माणूस सगळ्यात महत्त्वाचा. जानेवारीत रात्री अकराला फोन येतो की घरात हीट नाही. तेव्हा कॉर्पोरेशनचा कॅलिफोर्नियातला अध्यक्ष काही करू शकत नाही. मी गाडी काढून जातो. बॉयलरच्या काचनळीत पाणी किती आहे ते टॉर्चनं बघतो, झडप उघडून पाणी भरतो आणि पाइप पुन्हा ठकठक करायला लागेपर्यंत पायरीवर बसून राहतो. वर वीस मुलं स्वेटर घालून अभ्यास करत असतात. असा माणूस नसेल तर घर घेऊ नका, भाड्यानं राहा.

कॉर्पोरेशन वेगळी ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. चॅप्टरवर कारवाई झाली, मान्यता गेली, तर भाडेकरू एका सेमिस्टरमध्ये जातात, पण हप्ता थांबत नाही. घर वेगळ्या हातात असेल तर ते दुसऱ्या विद्यार्थ्यांना देऊन राखता येतं आणि चॅप्टर परत उभा राहिला की त्याला घर तयार असतं. मात्र काही गावांत फ्रॅटर्निटी घराची परवानगीच विद्यापीठाच्या मान्यतेला बांधलेली असते. तो नियम खरेदीआधी वाचायचा.

यावरून आठवलं ते झोनिंग, म्हणजे कुठल्या भागात कसली घरं चालतील याचे गावाचे नियम. पैशापेक्षा जास्त घरं इथे बुडतात. आम्हीही पहिल्यांदा इथेच फसलो. सात बेडरूमचं छान घर होतं, कॅम्पसपासून चालत दहा मिनिटं. इसारा दिला, इन्स्पेक्शनचे पैसे भरले. मग मी गावाच्या ऑफिसात गेलो आणि खिडकीपलीकडच्या बाईंनी नकाशावर बोट ठेवून सांगितलं की या रस्त्यावर एकमेकांशी नातं नसलेली तीनच माणसं एका घरात राहू शकतात. दलालानं हे आम्हाला सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलंही नव्हतं. इसारा परत मिळाला, इन्स्पेक्शनचे पैसे गेले.

असा नियम गाव करू शकतं का, असं मुलं मला रागानं विचारतात. करू शकतं. लाँग आयलंडवरच्या बेल टेअर गावात नातं नसलेल्या दोनच जणांना एका घरात राहायची मुभा होती. जवळच्या स्टोनी ब्रुक विद्यापीठातले सहा विद्यार्थी एका घरात राहत होते. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७४ साली निकाल गावाच्या बाजूनं लागला. तो मला पटत नाही. पण घर घेताना आपल्या पटण्याचा उपयोग नाही. आधी गावाच्या प्लॅनिंग ऑफिसात जा, कुठल्या भागात फ्रॅटर्निटी घराला परवानगी आहे ते नकाशावर बघा, गाड्या किती लावता येतील ते विचारा आणि करारात अट घाला की परवानगी मिळाली नाही तर इसारा परत. शेजाऱ्यांना सुनावणीआधी भेटा. आम्ही दुसऱ्या वेळी घरोघर गेलो, प्रत्येकाला माझा फोन नंबर दिला. मुलांचा नाही, माझा.

आता पैसा. समजा घर नऊ लाख डॉलरचं आहे. बँक पाव रक्कम आधी मागते, म्हणजे सव्वादोन लाख. उरलेल्या पावणेसात लाखांवर सात टक्क्यांनी पंचवीस वर्षांचा हप्ता महिन्याला साधारण ४,७७० डॉलर, वर्षाला ५७ हजार. कर, विमा, हीटिंग, दुरुस्ती मिळून आणखी ५० हजार धरा, आणि १२ हजार बाजूला. एकूण १ लाख १९ हजार. वीस खाटा आहेत, प्रत्येकी वर्षाला सात हजार भाडं. सगळ्या भरल्या तर १ लाख ४० हजार येतात, छान. सोळाच भरल्या तर १ लाख १२ हजार, म्हणजे सात हजारांची खोट. म्हणून मी वीस खाटांचा हिशेब कधी करत नाही, सोळांचाच करतो. सोळांत बसत नसेल तर ते घर आपलं नाही. बाहेर राहणाऱ्या सभासदांकडूनही थोडी फी घ्यावी, कारण जेवायला, अभ्यासाला तेही घर वापरतात.

ते बाजूला टाकायचे १२ हजार पुण्या-मुंबईत फ्लॅट असलेल्यांना लगेच कळतील. हाउसिंग सोसायटीचा सिंकिंग फंड आहे तो. छप्पर वीस वर्षांनी बदलावंच लागतं, तेव्हा घरात असलेल्या मुलांनी एकट्यांनी ते का भरावं?

सव्वादोन लाख माजी सभासदांकडून येतात. इथे एक अडचण लक्षात ठेवा. हाउस कॉर्पोरेशन करकायद्यात बहुधा ५०१-सी-७ म्हणजे सोशल क्लब म्हणून नोंदलेली असते, आणि तिला दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही. सवलत हवी तर देणगी ५०१-सी-३ म्हणजे धर्मादाय किंवा शैक्षणिक फाउंडेशनमार्फत घ्यावी लागते, आणि तो पैसा अभ्यासिका, वाचनाची खोली अशा शैक्षणिक भागावरच वापरता येतो. देणगीदाराला हे आधी स्पष्ट सांगा.

एका गोष्टीत काटकसर करायची नाही. १२ मे १९९६, नॉर्थ कॅरोलायनातलं चॅपल हिल, पदवीदानाचा दिवस. पहाटे फ्रॅटर्निटी घराला आग लागली, पाच विद्यार्थी गेले. घरात स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की छतातून आपोआप पाणी फवारणारे नळ, नव्हते. पुढे त्या गावानं फ्रॅटर्निटी घरांना ते सक्तीचे केले. तुमच्या गावात सक्ती असो वा नसो, खरेदीच्या अंदाजपत्रकात स्प्रिंकलरचा आकडा पहिल्या दिवसापासून हवा. तो घालून घर परवडत नसेल तर दोन वर्षं थांबा.

तर बाळा, तू मागच्या रांगेत बसला आहेस, तुझ्या प्रश्नाकडे येतो. तुमचा चॅप्टर नऊ वर्षांचा, पास होऊन गेलेले साठेक जण. या आठवड्यात त्या साठांचे आजचे पत्ते, ईमेल, फोन एका वहीत उतरव. कॉलेजचे ईमेल बंद पडलेले असतील, आयांना फोन कर, त्यांच्याकडे नंबर असतात. त्यातले पाच जण या हिवाळ्यात कॉर्पोरेशन नोंदवू देत. पुढच्या सेमिस्टरपासून प्रत्येक मुलानं घराच्या खात्यात पंचवीस डॉलर टाकायचे, आणि ते खातं चॅप्टरचं नाही, कॉर्पोरेशनचं. दोन-तीन वर्षं एक घर भाड्यानं चालवा, भाडं एकदाही न चुकवता. तो भाड्याचा हिशेब घेऊन मग बँकेत जाऊ. मी येतो तुझ्याबरोबर.