गोधडीची मगजी आणि वीतभर कापड

विषय पत्रिकेत छापलाय: गोधडीच्या मगजीला, म्हणजे कडेने शिवायच्या पट्टीला, कापड किती घ्यावं. गणित दोन मिनिटांचं आहे, ते शेवटी सांगते. आधी माझी फजिती ऐका, कारण पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून मी या हिशेबात नापास झाले. (हशा) हसा. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी इथे असेल तर त्यांनी जरा जास्त हसावं.

गोधडी होती 150 बाय 220 सेंटिमीटर. घेर 740. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, 110. भागाकार केला, पावणेसातच्या आत आला, म्हणजे सात पट्ट्या. पट्टी साडेसहा सेंटिमीटर रुंद, कारण मगजी दुहेरी घालायची. गोधडी आधी झिजते ती कडेला. हनुवटीखाली ओढतो ना, तिथे ती काळी पडते आणि मग फाटते. सात गुणिले साडेसहा, साडेपंचेचाळीस. मी ऐटीत अर्धा मीटर लाल सुती कापड फाडून आणलं. दुकानदार म्हणाला, ‘‘बाई, पाऊण मीटर न्या.’’ मला वाटलं, हा खपवतोय.

तीन बाजू झाल्या. चौथ्या बाजूला, शेवटच्या कोपऱ्याच्या अलीकडे, पट्टी संपली. वीतभर कमी! उरली होती साडेचार सेंटिमीटरची चिंधी, ती दुहेरी होईना. परत दुकानात गेले तर तागा संपलेला. दुसऱ्या लाल रंगाचा तुकडा जोडला. घरातला प्रत्येक पाहुणा बरोबर तिथेच बोट ठेवून विचारतो, ‘‘हे काय झालं?’’

झालं काय, तर पट्टीला पट्टी तिरकी जोडतात, म्हणजे सांधा एका जागी जाड होत नाही. प्रत्येक सांध्यात पट्टीच्या रुंदीएवढी लांबी जाते. सहा सांधे, 39 सेंटिमीटर गेले. प्रत्येक पट्टीची दोन टोकं, तिथली कापडाची किनार कापायची, ते चौदाएक. सात पट्ट्यांच्या 770 मधले उरले 717. मला हवे होते 740, आणि कोपरे मुडपायला वर थोडे.

माझी आत्या हे सगळं सुतळीने करायची. गोधडीच्या कडेने सुतळी फिरवायची, वर एक वीत सोडायची आणि तोडायची. मग कापडाच्या पन्ह्यावर ती सुतळी मागेपुढे घालायची, पण काठापर्यंत न्यायची नाही; चार बोटं अलीकडेच वळवायची. मी लहानपणी विचारलं होतं, ‘‘आत्या, ही जागा का सोडतेस?’’ ‘‘सांध्याची आहे गं ती.’’ पट्टीची रुंदीही चार बोटंच, म्हणून जेवढे फेरे, तेवढ्या वेळा चार बोटं कापडाची लांबी. झाला हिशेब. आता ‘जुन्या बायका शहाण्या’ असलं काही मला म्हणायचं नाही. एकदा तिने सुतळीऐवजी लोकरीचा धागा घेतला. फिरवताना तो ताणला, घडी घालताना आखडला, आणि तिचंही कापड कमी पडलं. पण ते तिने कुणाला व्याख्यानात सांगितलं नाही. (हशा)

उत्तर कन्नडमधल्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, ती कडेकडून सुरू करून आत आत जातात. कोपऱ्यांवर कापडी फुलं लावल्याशिवाय त्यांना ती पुरी वाटत नाही. त्यावर खरं तर... चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणे.

बरं, लिहून घ्या. घेर अधिक 30 सेंटिमीटर. माझ्या गोधडीचे 770. पन्हा 110 असला तरी 100च धरा. भागाकार 7.7, म्हणजे आठ पट्ट्या. अपूर्णांक आला की वरचाच आकडा. आठ गुणिले साडेसहा, 52. सुती कापड आटतं, कापणाराची कात्री तिरकी जाते, म्हणून 60. कोपरे गोल असतील तर उरेप, म्हणजे कापडावर तिरकी कापलेली, पट्टी लागते, तिथे क्षेत्रफळाने जा: 770 गुणिले साडेसहा, त्याचं वर्गमूळ 71. तेवढा चौरस तुकडा निघायला हवा, म्हणून 80 घ्या. सरळ कोपऱ्यांना उरेपाची गरज नाही, उगाच कापड वाया.

आणि विकत कशाला घेता? नऊवारीची लांबी सव्वाआठ मीटर. आपल्याला हवे सात मीटर सत्तर. म्हणजे एकच काठ, एकही सांधा न देता, अख्ख्या गोधडीला फिरतो, आणि दुसऱ्या काठात दुसरी गोधडी. मात्र काठ दुहेरी मुडपण्याइतका रुंद हवा आणि पदराकडे विरलेला नको. पाचवारीचा एक काठ साडेचार मीटरचा, तिथे दोन्ही जोडावे लागतील.

हो, उठतेच. कापड आधी धुवा, मग कापा. लाल असेल तर दोनदा धुवा.