मोज्यांचे तीन जोड

श्रोतेहो, नमस्कार.

उत्तर इंग्लंडात, लँकेशायरमध्ये, बर्नली नावाचं गाव आहे, एके काळी कापडगिरण्यांचं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी तिथल्या फुटबॉल संघात विशीतला एक पोरगा फॉरवर्डला खेळायचा. एका सामन्यात तो सगळ्यांना चुकवून गोलच्या तोंडाशी पोचला, चेंडू हाणला आणि चेंडू गेला वरच्या दांड्यावरून. असं मैदानावर रोज घडतं. बाकीचे हळहळतात आणि विसरतात. हा विसरला नाही. तो थेट व्यवस्थापकाकडे गेला आणि विचारलं, माझं नक्की काय चुकलं? पाय चुकीच्या जागी पडला का? तोल गेला होता का? व्यवस्थापक म्हणाले, अरे, तू मारत राहा. दहांत एक गेला तरी पुष्कळ झालं.

पोराला ते पटलं नाही. दहांत एक का? दहांत दहा का नाहीत? नेम चुकला, तो का चुकला?

या पोराचं नाव जिमी होगन. जन्म 16 ऑक्टोबर 1882 चा, बर्नलीच्या शेजारच्या नेल्सन गावातला. आयरिश कॅथलिक घर. मुलानं पाद्री व्हावं अशी वडिलांची इच्छा होती. मुलगा फुटबॉलपटू झाला. बर्नलीनंतर लंडनच्या फुलहॅमकडून खेळला, 1908 साली एफए कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला, मग बोल्टनकडे आला. चांगला खेळाडू होता, थोर नव्हता. खेळाडू म्हणून त्याची गोष्ट एवढीच.

त्या काळी इंग्लंडमध्ये सराव म्हणजे काय, तर मैदानाला फेऱ्या मारायच्या. चेंडू द्यायचाच नाही. आठवडाभर चेंडूविना ठेवलं की शनिवारी भुकेल्यासारखे त्यावर तुटून पडतील, अशी समजूत. मला विचाराल तर आपल्या शाळांतही हेच चालतं. पी.टी.चा तास म्हणजे रांगेत उभं राहणं, आणि परीक्षा जवळ आली की तोही तास गणिताला जातो. मुलांच्या हातात चेंडू द्या हो. आधी चेंडू द्या, शिस्त मागून येते.

तर होगन. बोल्टनचा संघ हॉलंडला गेला आणि डॉर्ड्रेख्तच्या संघाविरुद्ध बोल्टननं दहा गोल केले. जिंकणाऱ्या संघातल्या होगनला हरणाऱ्यांचीच हुरहुर लागली. एक दिवस परत येईन आणि यांना खेळायला शिकवीन, असं त्यानं मनाशी ठरवलं. 1910 साली, सत्ताविसाव्या वर्षी, तो खरोखरच तिथे प्रशिक्षक म्हणून गेला. पुढे 1912 मध्ये ऑस्ट्रियाच्या फुटबॉलचे कर्तेधर्ते ह्यूगो माइसल यांनी त्याला व्हिएन्नाला बोलावलं.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे, ती इथून सुरू होते.

1914 चा उन्हाळा. 1916 चं ऑलिंपिक बर्लिनला भरणार होतं आणि त्यासाठी ऑस्ट्रियाचा संघ बांधायचं काम होगनकडे आलं होतं. बायकामुलांसह बिऱ्हाड व्हिएन्नात. युद्धाच्या बातम्या कानावर यायला लागल्या, तसा तो ब्रिटिश वकिलातीत गेला. तिथे सांगण्यात आलं, घाबरू नका, लगेच काही होत नाही. दोन दिवसांत युद्ध पेटलं. होगन आता शत्रूदेशाचा नागरिक. पोलीस आले आणि त्याला धरून घेऊन गेले.

डोळ्यांसमोर आणा. ज्या शहरानं मानानं बोलावून घेतलं, त्याच शहराच्या कोठडीत हा माणूस बसलाय. बायकामुलं पुढे 1915 च्या मार्चमध्ये इंग्लंडला परतू शकली. याला जर्मनीतल्या बंदिछावणीत धाडायचं घाटत होतं. तेवढ्यात व्हिएन्नात मोठं दुकान चालवणारे ब्लाइद आडनावाचे दोन ब्रिटिश भाऊ जामीन राहिले. होगन त्यांच्या घरी राहिला. बागेला पाणी घालायचा, त्यांच्या मुलांना टेनिस शिकवायचा. जवळजवळ दीड वर्ष. युरोपातला सर्वांत जाणता फुटबॉल शिक्षक दीड वर्ष बागकाम करत होता, श्रोतेहो.

मग बुडापेस्टहून हाक आली. तिथल्या एमटीके क्लबचे उपाध्यक्ष बॅरन दिर्स्टाय केंब्रिजला शिकलेले होते. त्यांनी वजन खर्च करून होगनला हंगेरीत आणवलं. अट एकच, ठरल्याप्रमाणे पोलिसांकडे हजेरी लावायची. क्लबचे बरेच खेळाडू आघाडीवर लढायला गेलेले. संघच उरला नव्हता. तेव्हा होगन बुडापेस्टच्या बागेत फिरताना चेंडू खेळणारी पोरं हेरू लागला. एका बागेचं नाव होतं आंगोल पार्क, म्हणजे इंग्लिश बाग. तिथे त्याला दोन पोरं दिसली, ओर्थ आणि ब्राउन. त्यानं त्यांना धरलंच. शाळा सुटली की रोज सराव, आणि सराव चेंडूनेच. चेंडू छातीवर कसा झेलायचा, पायाशी कसा थांबवायचा, पास दिल्यावर उभं न राहता पुढे कसं सरकायचं. ती दोन्ही पोरं हंगेरीच्या राष्ट्रीय संघात गेली. आणि एमटीके? 1917 पासून 1925 पर्यंत हंगेरीचं विजेतेपद दरवर्षी एमटीकेकडे. सलग नऊ वेळा. होगन त्याआधीच निघून गेला होता, पण त्यानं लावलेली घडी टिकली.

युद्ध संपलं. होगन घरी आला. घर म्हणजे इंग्लंड. पैसा संपलेला, हाताला काम नाही. लिव्हरपूलमध्ये तंबाखूच्या कारखान्यात माल रवाना करण्याच्या कामावर लागला. तेव्हा कुणीतरी सांगितलं, युद्धामुळे ज्या व्यावसायिक फुटबॉलपटूंचं नुकसान झालं, त्यांच्यासाठी फुटबॉल असोसिएशननं निधी काढलाय. दोनशे पौंड मिळू शकतील. होगनकडे लंडनच्या गाडीभाड्याचे पैसे नव्हते. त्यानं पाच पौंड उसने घेतले. पाच पौंड उसने घेऊन तो दोनशे पौंड आणायला लंडनला गेला.

असोसिएशनचे सचिव होते फ्रेडरिक वॉल. होगननं आपली हकीकत सांगितली. वॉल यांनी ऐकून घेतलं आणि त्याच्यापुढे मोजे ठेवले. खाकी, लोकरीचे मोजे. तीन जोड. म्हणाले, आघाडीवरची पोरं हे मिळाले की खूश व्हायची.

दोनशे पौंड नाहीत. मोज्यांचे तीन जोड.

त्या शब्दांचा अर्थ होगनला लगेच कळला. आमची पोरं खंदकात मरत होती आणि तू शत्रूच्या देशात चेंडू खेळवत होतास, असा तो अर्थ. तो तिथे मजेत राहिला नव्हता, पोलिसांच्या नजरेखाली राहिला होता, हे समजून घ्यायची कुणाची तयारी नव्हती. मी ही गोष्ट कितीतरी जणांना सांगितली आहे आणि दर वेळी मोज्यांपाशी आलो की माझा आवाज जड होतो. थंडीसाठी मोजे आपणही देतो, जिव्हाळ्यानं देतो. आजी विणते, आई ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जपून ठेवते. तीच वस्तू एखाद्याला परकं करण्यासाठी पुढे करावी, हे मला आजही सोसत नाही.

होगन पुन्हा युरोपात गेला. स्वित्झर्लंडमध्ये काम केलं. 1924 च्या ऑलिंपिकमध्ये स्विस संघानं रौप्यपदक मिळवलं, त्या तयारीत त्याचा हात होता. मग पुन्हा बुडापेस्ट, मग जर्मनी. जर्मनीत व्याख्यानं द्यायची होती आणि त्याचं जर्मन मोडकं. एका व्याख्यानात लोक हसायला लागले. त्यानं मध्यंतर घेतलं आणि परतला तो खेळाचे कपडे घालून. सगळ्यांसमोर बूटमोजे काढले. अनवाणी पायानं, उजव्या पायानं, पंधरा यार्डांवरच्या लाकडी फळीवर चेंडू हाणला. चेंडू उसळून परत आला. आता डावा. दुसऱ्या फटक्याला फळी दुभंगली.

डाव्या पायानं, श्रोतेहो. माझा धाकटा भाऊ डावखुरा. घरी त्याच्या डाव्या हातातला घास काढून उजव्या हातात दिला जायचा, शाळेत पाटीवरच्या पेन्सिलीचं तेच. तो मोठा झाला तरी लिहिताना अडखळायचा. ज्याचा जो हात चालतो तो चालू द्यावा, आणि दुसराही शिकवावा, पण पहिला तोडून नव्हे. होगन दोन्ही पाय शिकवायचा. असो.

इंग्लंडला त्याची आठवण झाली 1934 मध्ये. फुलहॅमनं व्यवस्थापक नेमलं. पण मुरलेल्या खेळाडूंना शिकवणी कशाला हवी, अशी कुरबूर सुरू झाली. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी तो इस्पितळात असताना त्याला काढून टाकलं. पुन्हा ऑस्ट्रिया. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला, इटलीनं जादा वेळेत 2-1 असं हरवलं. मग ॲस्टन व्हिला हा इंग्लिश क्लब, ज्याला त्यानं 1938 मध्ये दुसऱ्या विभागातून पहिल्या विभागात आणलं.

आणि आता 25 नोव्हेंबर 1953. लंडनचं वेम्बली मैदान, लाखाहून जास्त प्रेक्षक. इंग्लंडविरुद्ध हंगेरी. ब्रिटिश बेटांबाहेरच्या कुठल्याही संघानं इंग्लंडला इंग्लंडमध्ये तोवर हरवलं नव्हतं. पहिल्याच मिनिटात हंगेरीच्या हिदेगकुतीचा गोल. मग त्यांच्याच पुश्काशनं चेंडू तळव्याखाली मागे ओढला आणि धावत आलेला इंग्लंडचा कर्णधार बिली राइट रिकाम्या जागेत घसरत गेला. सामना संपला तेव्हा हंगेरी सहा, इंग्लंड तीन. सहा-तीन.

हंगेरीच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष शांदोर बार्च म्हणाले, आम्हाला फुटबॉलमधलं जे काही येतं, ते सगळं जिमी होगननं शिकवलं.

तो जिमी होगन त्या दुपारी वेम्बलीतच होता. वय 71. ॲस्टन व्हिलाच्या कोवळ्या पोरांना घेऊन प्रेक्षकांत बसला होता. बघा, फुटबॉल असा खेळतात, हे दाखवायला आणलं होतं त्यांना.

होगन 30 जानेवारी 1974 रोजी बर्नलीत वारला. त्याच वर्षी जुलैमध्ये पश्चिम जर्मनीनं म्युनिकला विश्वचषक जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक होते हेल्मुट श्योन. तरुणपणी ड्रेस्डेनमध्ये ते होगनच्या हाताखाली शिकले होते.

नमस्कार.