हक्कभंग की बदनामी?

(दृश्य : पोंभुर्ले, तालुका देवगड. बाळशास्त्री जांभेकरांचं स्मारक.)

1832 साली मुंबईत 'दर्पण' काढणाऱ्या बाळशास्त्रींचं हे गाव. "हक्कभंग आणीन", म्हणजे सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग केला म्हणून कारवाई करायला लावीन, ही आमदाराची धमकी इथल्या तालुका वार्ताहराला नवी नाही. पण आमदारानं रस्त्याच्या कामात टक्केवारी घेतल्याचा आरोप छापला, तर तो हक्कभंग होत नाही. सभागृहातल्या वागण्याशी त्याचा संबंधच नाही. आमदारानं बदनामीचा खटला भरावा : भारतीय न्याय संहिता, कलम 356, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. प्रश्न विचारायला पैसे घेतले असं छापलं, की मात्र गाठ सभागृहाशी. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचे संपादक करंजिया यांना 1961 मध्ये लोकसभेनं सभागृहाच्या कठड्यापाशी उभं करून ताकीद दिली, ती आचार्य कृपलानींच्या लोकसभेतल्या भाषणावरून त्यांची टर उडवणाऱ्या मजकुरासाठी.

(दृश्य : विधान भवन, मुंबई.)

आरोप आमदारच सभागृहात करतो तेव्हा घटनेच्या कलम 194 मुळे त्याच्यावर खटला चालत नाही. वृत्तपत्राला आधार घटनेच्याच कलम 361-अ चा : वृत्तांत खरा हवा, हेतू दुष्ट नको. तोच आरोप आमदारानं कणकवलीच्या सभेत केला, तर हे कवच गेलं. 'आमदार म्हणाले' एवढ्यानं संपादक सुटत नाही.

घोळ होतो तो वगळलेल्या शब्दांचा. थेट प्रक्षेपणावरून दुपारी बातमी चढते, नंतर अध्यक्ष ते शब्द कामकाजातून काढून टाकतात, आणि पोर्टलवरची क्लिप तशीच राहते. पाटण्याच्या 'सर्चलाइट' दैनिकानं 1957 मध्ये बिहार विधानसभेतल्या भाषणाचा असा वगळलेला भाग छापला होता. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं सभागृहाचीच बाजू उचलून धरली. म्हणून पान छपाईला सोडण्याआधी, काही शब्द वगळले का हे विचारायला, मुंबई-नागपूरच्या प्रतिनिधीला एक फोन करावाच.

विशेषाधिकारांची पूर्ण यादी कुठेच नाही. कायदा करून ते ठरवण्याची मुभा घटनेनं विधिमंडळाला दिली आहे. तसा कायदा अजून झालेला नाही. सोय कोणाची, ते सांगायला नको.

हक्कभंगाची नोटीस आलीच तर मुदत चुकवू नये. खुलाशासोबत छापील कात्रण, मूळ टिपणं आणि कागदपत्रं जोडावीत. चूक असेल तर दिलगिरी मूळ बातमीच्या जागीच छापावी, आतल्या पानावर कोपऱ्यात नव्हे. अशा दिलगिरीवर प्रकरण मिटवण्याची पद्धत आहे. नाहीतर ते विशेषाधिकार समितीकडे जातं. कैद झालीच, तर ती सत्रसमाप्तीपलीकडे टिकत नाही.