उपकथानक नेमकं काय करतं?

चित्रपट लांबला की पहिली कुऱ्हाड उपकथानकावर पडते. संकलन चालू असताना कुणीतरी म्हणतं, ‘हा ट्रॅक काढला तरी गोष्ट कळतेच की!’ कळते, यात वाद नाही. पण नायकाने शेवटी काय केलं हे नुसतं कळून भागत नाही, ते पटावं लागतं. आणि ते पटवण्याचं काम पुष्कळदा उपकथानकाने आधीच गुपचूप करून ठेवलेलं असतं. आज मला त्या कामाबद्दल बोलायचं आहे.

१९४२ सालचा ‘कासाब्लांका’ घ्या. युद्ध चालू आहे. युरोपातून पळालेली माणसं मोरोक्कोतल्या या शहरात अडकली आहेत आणि बाहेर पडायला परवाना हवा आहे. तिथल्या एका कॅफेचा मालक रिक. कुणासाठीही आपण जीव धोक्यात घालणार नाही, असं तो उघड सांगतो. पूर्वी त्याला सोडून गेलेली इल्सा आता नवऱ्याला घेऊन त्याच्याच कॅफेत आली आहे. हे झालं मुख्य कथानक. त्यात बल्गेरियातून आलेलं एक कोवळं जोडपं शिरतं. परवान्याच्या पैशांसाठी नवरा रिकच्याच कॅफेत रुलेट हा आकड्यांवर पैसे लावायचा जुगार खेळतोय आणि हरतोय. बायको, ॲनिना, रिकला भेटते. पैशांऐवजी पोलीसप्रमुखाला तिच्याकडून काय हवं आहे, ते न सांगता समजतं. तो दिलेला शब्द पाळेल का, हे तिला विचारायचं आहे. मग ती आणखी एक गोष्ट विचारते. एखादीचा तुमच्यावर फार जीव असेल आणि तुमच्या सुखासाठीच तिने काही वाईट केलं असेल, तर तुम्ही तिला क्षमा कराल का? रिक तुटकपणे म्हणतो, माझ्यावर एवढं प्रेम कुणी केलंच नाही. पण नंतर तो रुलेटच्या टेबलाशी जातो आणि तिच्या नवऱ्याला २२ वर लावायला सांगतो. टेबल रिकचंच, त्याच्या इशाऱ्यावर २२ येतो. पैसे तिथेच राहू दे, म्हणतो. पुन्हा २२. आता पैसे घे आणि इथे परत येऊ नकोस.

प्रसंग जेमतेम काही मिनिटांचा. पण ॲनिनाने जे विचारलं ते कुणाच्या वतीने, ते पाहा. इल्सा आपल्याला का सोडून गेली हे रिकला अजून ठाऊक नाही. ते कळण्याआधीच पटकथेने क्षमेचा प्रश्न त्याच्यापुढे ठेवून टाकला, तोही एका परक्या मुलीच्या तोंडून, म्हणजे त्याला चिडून उठून जाता येऊ नये. शिवाय, कुणासाठी काही न करणारा हा माणूस एका जोडप्यासाठी स्वतःचं नुकसान करताना आपण पाहिला. म्हणून शेवटी विमानतळावर तो दुसऱ्या जोडप्यासाठी, म्हणजे इल्सा आणि तिच्या नवऱ्यासाठी, त्याहून फार मोठी किंमत मोजतो, तेव्हा आपल्याला ‘हा असं कसं वागला?’ असा प्रश्न पडत नाही.

मुख्य कथानकातला प्रश्न दुसऱ्याच माणसापुढे, वेगळ्या परिस्थितीत उभा करायचा, हे मला उपकथानकाचं सर्वांत मोलाचं काम वाटतं. हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’मध्ये (१९५४) हे किती सहज झालंय! पाय मोडून घरात बसलेला छायाचित्रकार समोरच्या खिडक्या न्याहाळतो आणि एका घरात खून झाल्याचा त्याला संशय येतो. इकडे त्याच्या प्रेयसीला, लिसाला, त्याच्याशी लग्न करायचं आहे आणि तो टाळतो आहे. समोर काय दिसतं? नवं लग्न झालेलं जोडपं. रिकाम्या खुर्चीसमोर पेला उंचावणारी एकटी बाई. आणि ज्याच्यावर संशय आहे तो तर आजारी बायकोला कंटाळलेला नवरा! लग्न केलं तर काय, नाही केलं तर काय, याची उत्तरं खिडकीखिडकीत मांडून ठेवली आहेत. तो गुन्हा शोधतोय असं त्याला वाटतं, पण आपण त्याचीच भीती पाहत असतो. पुढे त्या एकट्या बाईने गोळ्या समोर घेतलेल्या दिसतात, त्याचं लक्ष तिच्याकडे जातं आणि नेमका तेव्हाच संशयित घरी परततो. लिसा तर त्याच्याच घरात आहे. इथे उपकथानक मुख्य कथानकाला नुसतं चिकटलेलं नाही, त्याने संकट ओढवून आणलं आहे.

असं काहीच न करणारे ट्रॅक असतात, आणि ते खरंच कापावेत. विनोदी नोकर आणि त्याची फजिती, ज्याचा नायकाच्या कुठल्याच निर्णयाशी संबंध नाही, त्याची बाजू मी घेणार नाही. विनोदी नट कितीही चांगला असला तरी.

मात्र कमी घटनांचा ट्रॅक म्हणजे कमी कामाचा, असं धरून चालू नका. ‘शोले’तलं (१९७५) वीरू-बसंतीचं प्रेम बडबडं आहे, दंगा करणारं आहे. त्याच्या शेजारीच जय-राधाचं ठेवलंय. ती व्हरांड्यातले दिवे मालवत जाते, तो माऊथ ऑर्गन वाजवतो, दोघांत संवाद जवळजवळ नाहीच. एका जोडीचा गलबला आहे म्हणून दुसरीची शांतता ऐकू येते. घटनांच्या हिशेबाने हा ट्रॅक सहज काढता आला असता. गब्बरचा पाठलाग तसाच चालला असता, शेवटची मारामारीही तशीच झाली असती. फक्त जयच्या मृत्यूनंतर वीरूने मित्र गमावला, एवढंच आपल्याला वाटलं असतं.