मीटरवरचा आकडा आणि गाडीची साक्ष

पडद्यावर दिसणारा हा डॅशबोर्ड सात वर्षे जुन्या, पेट्रोलवर चालणाऱ्या एका छोट्या गाडीचा आहे, असे समजू. इंजिन अजून सुरू केलेले नाही; चावी अर्धी फिरवली आहे आणि काचेमागे आकडा उजळला आहे: ४१,६०० किलोमीटर. विकणाऱ्याने सांगितलेली हकीकत अशी, की गाडी घरातल्या एका वयस्कर व्यक्तीकडे होती, ती जवळच्या जवळ फिरली आणि लांबच्या प्रवासाला कधी गेलीच नाही. हिशेब मांडून पाहिला तर सात वर्षांत ४१,६०० म्हणजे दिवसाला साधारण सोळा किलोमीटर होतात, आणि त्यात अशक्य असे काहीच नाही. मीटर मागे फिरवणाऱ्याचे कसबही इथेच असते: तो आकडा हास्यास्पद होईल इतका कमी करत नाही, पटेल इतकाच कमी करतो. त्यामुळे नुसत्या आकड्याकडे कितीही वेळ पाहिले तरी तो खरा की खोटा हे कळत नाही. त्याच्यासोबत सांगितलेली हकीकत आणि गाडीच्या अंगावरची झीज यांचा मेळ बसतो का, हे मात्र तपासता येते, आणि पुढील काही मिनिटे आपण तेवढेच करणार आहोत.

आकडा कमी करण्यामागचे कारण उघड आहे. कमी चाललेल्या गाडीला जास्त किंमत मिळते. ग्राहकाचे नुकसान मात्र जास्त दिलेल्या पैशांवर थांबत नाही. टायमिंग बेल्ट (इंजिनातील पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा), गिअरबॉक्समधील तेल, स्पार्क प्लग यांसारख्या गोष्टी किती किलोमीटरनंतर बदलायच्या, हे कंपनीने ठरवून दिलेले असते आणि नवा मालक ते वेळापत्रक मीटर पाहूनच पाळतो. मीटर ४१,६०० दाखवत असेल आणि गाडी प्रत्यक्षात त्याच्या तिप्पट चालली असेल, तर बेल्ट बदलण्याची वेळ होऊन गेल्याचे त्याला कळण्याचा मार्गच उरत नाही. अनेक इंजिनांची रचना अशी असते, की चालू इंजिनात हा बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि दुरुस्ती थेट इंजिन उघडण्यापर्यंत जाते.

चाकांच्या फेऱ्या मोजून अंतर ठरवण्याची युक्ती फार जुनी आहे. रोमन काळातील एका यंत्राच्या वर्णनात चाकाच्या ४०० फेऱ्या पूर्ण झाल्या की एक खडा डब्यात पडतो आणि एक मैल मोजला जातो. अर्थात डब्यातले चार खडे गुपचूप काढले, की प्रवासही चार मैलांनी आखूड होणारच. विसाव्या शतकातील मोटारींमध्ये गिअरबॉक्सपासून निघालेली केबल आकड्यांच्या लहान चकत्या फिरवत असे. त्या मागे घेण्यासाठी मीटर उघडावे लागे आणि उघडल्याच्या खुणा राहत: स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे, काचेच्या आतल्या बाजूला बोटांचे ठसे, एखादा अंक शेजारच्या अंकांच्या रेषेतून किंचित वर सरकलेला. बऱ्याच जुन्या मीटरांवर पाचच आकडे असल्यामुळे ९९,९९९ नंतर ते आपोआप शून्यावर येत, म्हणजे कोणी हातही न लावता गाडी कागदोपत्री पुन्हा नवी होई.

आजच्या गाड्यांत चकत्या नाहीत. चाललेले अंतर डॅशबोर्डमागच्या क्लस्टरमधील, म्हणजे सगळे मीटर एकत्र असलेल्या भागातील, एका लहानशा मेमरी चिपमध्ये साठवले जाते आणि काचेवर आपल्याला दिसतो तो त्या नोंदीचा अवतार. खराब झालेला क्लस्टर बदलल्यावर नव्या क्लस्टरमध्ये खरे किलोमीटर भरता यावेत, यासाठी उपकरणे मिळतात, आणि त्याच उपकरणांनी हवा तो आकडाही भरता येतो. पुष्कळ गाड्यांत यासाठी काहीच उघडावे लागत नाही. स्टिअरिंगखाली असलेल्या, मेकॅनिक गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक नोंदी वाचणारा आपला स्कॅनर जिथे जोडतो त्या सॉकेटमधूनच काम होते. ना ओरखडा उरतो, ना ठसा. म्हणूनच डिजिटल मीटर मागे फिरवता येत नाही हा समज चुकीचा आहे. उलट ते काम पूर्वीपेक्षा स्वच्छ झाले आहे.

आता दार उघडून कॅमेरा चालकाच्या आसनाजवळ नेऊ. क्लचच्या पेडलवरील रबराच्या आडव्या रेघा उजव्या बाजूला पुसट झाल्या आहेत आणि डाव्या बाजूला शाबूत आहेत. ब्रेकच्या पेडलचे रबर मात्र कोरे करकरीत आणि काळेभोर आहे. स्टिअरिंगवर जिथे हात ठेवला जातो तेथील खडबडीत पोत जाऊन गुळगुळीत चकाकी आली आहे. गिअर नॉबवरील आकडे अर्धवट उरले आहेत. आसनाची दाराकडची कड, जिच्यावरून घसरत माणूस आत-बाहेर करतो, ती दबून तिच्या आतला फोम सैल झाला आहे.

एवढ्यावरून निकाल द्यावासा वाटतो, पण इथे थोडे थांबले पाहिजे. सांगितलेली हकीकत खरी मानली आणि प्रत्येक फेरी तीन किलोमीटरची धरली, तर ४१,६०० किलोमीटरसाठी जवळजवळ चौदा हजार वेळा आसनावर बसावे लागले असेल. छोट्या फेऱ्यांच्या गाडीत आसनाची कड, दाराचे कुलूप, क्लच आणि गिअर नॉब यांची झीज किलोमीटरच्या मानाने जास्तच होते. याउलट महामार्गावर एका दमात तीन-चारशे किलोमीटर जाणाऱ्या गाडीचा क्लच क्वचितच दाबला जातो आणि तिचे आसन लाखभर किलोमीटरनंतरही बरे दिसू शकते. त्यामुळे केवळ आसन खराब आहे म्हणून मीटर खोटा ठरत नाही आणि आसन चांगले आहे म्हणून तो खराही ठरत नाही. माझ्या मते त्या नव्या ब्रेक पेडलच्या रबराबद्दल विचारणे अधिक उपयोगाचे आहे. क्लचचे रबर निम्मे झिजले असताना ब्रेकचे तेवढे कोणी आणि कधी बदलले, याचे उत्तर मालकाला सहज देता यायला हवे.

खरी विसंगती या गाडीच्या पुढच्या बाजूला आहे. बॉनेटची कड आणि बंपरचा रंग जवळून पाहिला, तर खड्यांच्या माऱ्याने पडलेले टाचणीच्या डोक्याएवढे असंख्य ठिपके दिसतात. तिरप्या उजेडात पाहिल्यावर समोरची काचही बारीक खळग्यांनी भरलेली दिसते. असे ठिपके मुख्यतः वेगात, दुसऱ्या वाहनांच्या मागून लांब अंतर कापताना पडतात. जवळच्या जवळ, सावकाश फिरणाऱ्या गाडीच्या नाकावर ते इतके दाट का असावेत? आसनाची झीज हकीकतीशी जुळत होती. बॉनेटची जुळत नाही.

टायर पाहताना नक्षी किती उरली आहे हे सगळेच पाहतात, पण तारीख वाचणारे थोडे. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात; २३१९ असे असेल, तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. ही ओळ कधीकधी टायरच्या आतल्या बाजूला असते, त्यामुळे वाकून, हातात विजेरी घेऊन शोधावी लागते. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते, अनेक देशांत ती १.६ मिलिमीटरपर्यंत झिजू देण्यास कायद्याची मुभा आहे, आणि चांगला टायर सामान्य वापरात चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक चालतो. आपल्या गाडीचे चारही टायर तिच्या जन्मानंतर चार वर्षांनी तयार झालेले असून त्यांची नक्षी निम्म्याहून कमी उरली आहे. याचा अर्थ पहिला संच संपून दुसराही बराच झिजला आहे, आणि ४१,६०० मध्ये हे बसवणे अवघड आहे. वयामुळे टायर बदलल्याचे कोणी सांगितले, तर त्याचे बिल मागावे. टायरच्या बिलावर पुष्कळदा किलोमीटरही लिहिलेले असतात.

यानंतर स्कॅनर. मीटरचा आकडा बदलणारे सहसा क्लस्टरपुरतेच पाहतात, आणि अंतराच्या नोंदी तर अनेक गाड्यांत इंजिनच्या नियंत्रकात, गिअरबॉक्सच्या नियंत्रकात, एबीएसमध्ये (जोरात ब्रेक लावल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेत) आणि काही कंपन्यांच्या बाबतीत चक्क चावीतही राहतात. प्रत्येक मॉडेलमध्ये त्या वेगवेगळ्या ठिकाणी असल्यामुळे त्या कंपनीच्या गाड्यांची माहिती असलेला मेकॅनिक सोबत असणे चांगले. काही गाड्या जुन्या बिघाडाच्या नोंदीसोबत त्या वेळचे किलोमीटरही जपून ठेवतात. ज्या गाडीचा मीटर ४१,६०० दाखवतो, तिच्या पोटात एक लाख बारा हजार किलोमीटरवर झालेल्या बिघाडाची नोंद सापडली, तर पुढे वाद घालण्यासारखे फारसे उरत नाही. साध्या स्कॅनरवरही एक माहिती मिळते: बिघाडाच्या नोंदी शेवटच्या पुसल्यापासून गाडी किती चालली. हा आकडा ६५,५३५ किलोमीटरपर्यंतच मोजला जातो. परंतु तो एकूण रनिंगपेक्षा मोठा असू शकत नाही, एवढे समजण्यास मेकॅनिक असावे लागत नाही.

इंजिन किती तास चालले याची नोंद मिळाली, तर हिशेब आणखी सोपा होतो. समजा, या इंजिनाचे तास ४,६०० आहेत. ४१,६०० ला ४,६०० ने भागले की सरासरी वेग ताशी नऊ किलोमीटर येतो, म्हणजे गाडी सात वर्षे जवळजवळ पळणाऱ्या माणसाच्या वेगाने चालली. उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवण्याची सवय असेल, तर सरासरी खाली येते हे मान्य करावे लागेल. पण मग बॉनेटवरचे ठिपके कुठून आले, हा प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो.

कागदपत्रांचे बळ याच्याइतकेच आहे. सर्व्हिसची बिले, तपासणीचे दाखले, विम्याची पाहणी, टायर आणि बॅटरीच्या पावत्या यांवरील किलोमीटर तारखेनुसार एका कागदावर उतरवून काढावेत. आकडा कुठे मागे गेलेला दिसला, तर प्रश्नच मिटला. पण जाणकार फसवणाऱ्याने मधली बिले गायब केलेली असतात. म्हणून रिकाम्या जागांकडे लक्ष द्यावे: पहिली तीन वर्षे दर सहा महिन्यांनी सर्व्हिस झालेली गाडी अचानक चार वर्षे कोणत्याच गॅरेजमध्ये गेली नाही, असे कसे? सर्व्हिस बुकमधील सात वर्षांचे शिक्के एकाच शाईचे आणि सह्या एकाच पेनाच्या असतील, तर गॅरेजचा क्रमांक बुकातून न घेता स्वतः शोधून फोन करावा आणि गाडीच्या चॅसिस क्रमांकावर झालेल्या नोंदी विचाराव्यात.

काही देशांनी ही जुळवाजुळव ग्राहकावर सोडलेली नाही. अमेरिकेत १९७२ पासून संघराज्याच्या कायद्याने ओडोमीटर, म्हणजे हा किलोमीटरचा मीटर, मागे फिरवणे हा गुन्हा आहे. तरीही तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या अंदाजानुसार दरवर्षी साडेचार लाखांहून अधिक गाड्या खोट्या आकड्यासह विकल्या जातात. युरोपीय संसदेने २०१८ साली उद्धृत केलेल्या अंदाजांनुसार देशांतर्गत विक्रीत ५ ते १२ टक्के, तर सीमापार विक्रीत ३० ते ५० टक्के जुन्या गाड्यांच्या मीटरमध्ये फेरफार झालेला असतो. दोन आकड्यांतील हे अंतर बोलके आहे, कारण सीमा ओलांडली की गाडीच्या नोंदी मागे राहतात. बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी गाडी विकताना ‘कार-पास’ द्यावा लागतो आणि त्यासाठी गॅरेजांना प्रत्येक कामाच्या वेळी किलोमीटर कळवणे बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीच्या वेळचा आकडा कोणालाही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. मात्र ही तपासणी तेथे बहुतेक भागांत गाडी तीन वर्षांची झाल्यावर सुरू होते, म्हणजे पहिल्या तीन वर्षांतले किलोमीटर कमी केले, तर नोंदीची सुरुवातच खोट्यापासून होते. शिवाय मीटर मागे न फिरवता तो मोजणेच थांबवणारी लहान उपकरणेही निघाली आहेत. ती क्लस्टरच्या मागे वायरिंगमध्ये बसतात. अशा गाडीत आकडा कधीच मागे जात नाही, नुसता सावकाश वाढतो, आणि म्हणून टायर, तास आणि ठिपके पाहणे नोंदी असलेल्या देशातही सुटत नाही.

मीटरचा आकडा आणि खरे रनिंग वेगळे असण्यामागे प्रामाणिक कारणही असू शकते. क्लस्टर जळतो, पाण्याने खराब होतो, बदलावा लागतो. तसे झाले असेल, तर बदलण्याच्या वेळचा जुना आकडा लिहिलेले बिल असायला हवे, आणि विकणाऱ्याने ते आपणहून आधीच दाखवले असेल, तर अशी गाडी घेण्यास मला काहीच अडचण दिसत नाही. व्यवस्थित सर्व्हिस झालेली, खरे एक लाख तीस हजार किलोमीटर चाललेली गाडी संशयास्पद ४१,६०० पेक्षा केव्हाही बरी.

पुन्हा त्या छोट्या गाडीकडे येऊ. तपासणी संपली आहे, बॉनेट बंद केले आहे आणि व्यवहाराचा कागद बॉनेटवरच पसरला आहे. त्यात किलोमीटरचा उल्लेख असावा असा आग्रह धरल्यावर विकणाऱ्याने आढेवेढे न घेता लिहिले: ‘मीटरवर दिसत असलेले अंतर ४१,६०० किलोमीटर.’ हे वाक्य खरेच आहे. मीटरवर तेवढेच दिसते. ग्राहकाने ‘मीटरवर दिसत असलेले’ हे शब्द खोडून त्या जागी ‘गाडी प्रत्यक्षात चाललेले’ असे लिहिले आणि पेन सहीसाठी पुढे केले. विकणाऱ्याने कागद हातात घेतला, दोनदा वाचला, आणि आधी फोनवर विचारून येतो असे सांगून तो बाजूला गेला.