बोअरमधून नुसता धुरळा

ही बघा आमच्या गल्लीत आलेली बोअरची गाडी. रात्रभर घरघर आणि पांढरा धुरळा, तुळशीवर, स्कूटरच्या सीटवर, खिडकीच्या जाळीत, सगळीकडे. ४०० फूट गेले आणि पाणी नाही, शेजारच्या सोसायटीला मात्र १८०लाच लागलेलं.

पुण्याच्या पोटात बेसाल्ट आहे, लाव्हाचे थर एकावर एक. विहिरी खणणारे जुने लोक त्यांना नावानं ओळखतात, वर मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. पाणी साठतं ते मुरमात, भेगांत, दोन थरांच्या सांध्यात, अखंड काळ्या पाषाणात कितीही खाली जा, काही नाही. आणि भेग एकच असेल तर दोन सोसायट्यांचं पाणीही एकच, जो जास्त उपसेल तो दुसऱ्याचं ओढणार. पुण्यातलीच ॲक्वाडॅम ही संस्था कितीतरी वर्षं हेच सांगतेय, आधी खालचा जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर, समजून घ्या.

आता बावधनला या, रामनदीच्या काठावर. इथे जिवंत झरे आहेत. टेकडीवर पडलेला पाऊस मुरमात मुरतो, सांध्यातून सरकत सरकत इथे बाहेर येतो. म्हणजे टेकडी फोडून वर काँक्रीट ओतलं की झरा इथे खाली आटणार, आणि हे बघून मला खरंच पोटात कालवतं, कारण एकदा बुजलेली मुरण्याची जागा परत मिळत नाही हो.

त्यात पाऊस बदललाय, दिवस दिवस कोरडे आणि मग दोन तासांत सगळं. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, शहर आणि परिसरात वीसच्या वर माणसं गेली. एवढं पाणी, पण मुरायला ना वेळ ना जागा.

आम्ही यंदा गच्चीचे पाइप शोषखड्ड्याकडे वळवले. हिशोब साधा आहे, १०० चौरस मीटर गच्ची आणि ७०० मिमी पाऊस म्हणजे ७०,००० लिटर, दहा हजारवाले सात टँकर. सगळं मुरणार नाही, मान्य. पण खड्डा कुठेही खणून चालत नाही, खाली पाषाण लागला तर पाणी तसंच तुंबतं, म्हणून आधी भूजलवाल्यांना दाखवून मुरूम असलेला कोपरा धरला. पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून दिलं, आणि दुसऱ्या सरीला आम्ही सगळे छत्र्या घेऊन खड्ड्याभोवती उभे, खडीतून बुडबुडे वर येत होते नि पाणी हळूहळू खाली बसत होतं.